दोन ओळींचं उत्तर

बालमित्र मोरूचं पोस्टकार्ड गणपतीत आलं होतं आणि होळी उलटली तरी दिगंबररावांनी उत्तर लिहिलं नव्हतं.

मोरूची बायको कुमुदवहिनी गेल्याचं त्याने शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळवलं, तेव्हा सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. दिगंबररावांनी अंगठा पाठवला. फोन नवा होता. अंगठा म्हणजे निरोप पोचला, असं त्यांना वाटलं होतं. मग ते कार्ड आलं. ‘दिग्या, हात सगळ्यांनी जोडले, अंगठा तेवढा तुझा. एके काळी चार चार पानं लिहायचास. आता दोन ओळी तरी लिही. वाट बघतोय.’

त्यांनी कितीदा तरी लिहायला घेतलं. कधी मायनाच कोरडा वाटे, कधी क्षमा मागणं नाटकी. कागद फाटत राहिले.

आज सकाळी ग्रुपवर मोरूच्या मुलाचा निरोप आला, ‘बाबा गेले.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

“अहो, तुम्हीही पाठवा की,” बायको म्हणाली. “आणि या वेळी नीट बघून दाबा हो!”

फोन बाजूला ठेवून त्यांनी एक कोरं कार्ड ओढलं. ‘प्रिय मोरू, तो अंगठा चुकून गेला रे. वहिनी गेल्या तेव्हा मी तुझ्याजवळ येऊन बसायला हवं होतं.’ एकही शब्द खोडावा लागला नाही. ज्याच्यासाठी शब्दाला अडावं, तो वाचणाराच उरला नव्हता.

पत्त्यावर मोरूचंच नाव घालून ते कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले आणि कार्ड आत सोडलं.