मालक कुठं हायेत?

नवऱ्यानं घराबाहेर काढलेली स्वप्नाली लेकीला कडेवर घेऊन सकाळपासून परळीत भाड्याची खोली शोधत होती. "मालक कुठं हायेत?" या प्रश्नाला तिनं खरं उत्तर दिलं, की दार बंद व्हायचं. चार घरं झाली. दिवस मावळतीला आला. पाचव्या दारात छबुबाई उभ्या राहिल्या.

"मालक?"

स्वप्नालीनं मन घट्ट केलं. "पुण्याला गेलेत. येतील आठवड्यानं."

"मंग न्हाई जमायचं. गडीमाणसाला हितं थारा न्हाई."

दार लागत आलं, तसा तिनं फटीत हात घातला. "मावशी, खोटं बोलले! त्यांनीच हाकललंय. कुणी येणार न्हाई."

छबुबाईंनी दार सताड उघडलं.

"ये आत. सरकून घिऊ. हितं समद्या हाकललेल्याच हायेत."