राखाडी पट्टी

मालिकेचं शीर्षकगीत धाकटी एकटीच गाणार, हे थोरलीला स्टुडिओच्या जिन्यात कळलं. उरलेल्या अठरा पायऱ्या ती पाय आपटतच चढली.

वीस वर्षं दोघी बहिणी जोडीनं गात होत्या. थोरलीचा खोकला मधे वर्षभर लांबला, तेव्हापासून स्टेज सुटलं, रेकॉर्डिंग तेवढं उरलं. थोरली आधी गाऊन घरी जायची. धाकटी मागे तासभर थांबायची.

"इतका वेळ काय करतेस गं?"

"माझा गळा तापायला वेळ लागतो, ताई. तुझं काय, उपजतच आहे."

हे थोरलीला पटायचं. धाकटीचं स्वतःचं असं होतंच काय? लहानपणी थोरलीच्या आवाजात आजोबांना वेडावून पळायची, आणि धपाटे थोरलीच्या पाठीत. नकलाकार मेली!

"मग हिचे वरचे सूर एवढे लखलखीत कसे?" त्या दिवशी घरी आल्या आल्या तिनं नवऱ्याला विचारलं. "कॉम्प्युटर! तिथे सूर धुऊन, इस्त्री करून मिळतात."

"मग तूही शीक की," नवरा पेपराआडून म्हणाला.

इथेच तर घोडं अडलं होतं. त्या यंत्राला हात लावणार नाही, असं ती बारा वर्षं ऐटीत सांगत आली होती. कधी मन डळमळलंच, तर धाकटी म्हणायची, "तुझ्या गळ्याला यंत्र कशाला, ताई?" रेकॉर्डिंग करणारा दादाही खुर्ची अडवून म्हणायचा, "तुम्ही फक्त गायचं." थोरलीला तो आपला मान वाटायचा.

पण आता ती तडक खालच्या मजल्यावरच्या तबलजींचं दार वाजवून मोकळी झाली. बोटं आखडल्यापासून ते कॉम्प्युटरवरच तबला वाजवायचे.

पहिल्या दिवशी तिनं माउस उचलून पडद्यावर रोखला.

"खाली ठेवा, ताई. तो टीव्हीचा रिमोट नाही."

तबलजींनी चिकाटीनं शिकवलं. प्रत्येक आवाजाची एक आडवी पट्टी. पट्टीच्या टोकाला एक बटण. ते दाबलं की तेवढा आवाज बंद, बाकीचे चालू. पुढचं बरंच काही होतं, पण थोरलीला त्या बटणाशीच कर्तव्य होतं. तीन आठवड्यांत ते तिला डोळे मिटूनही सापडू लागलं.

शीर्षकगीताच्या दिवशी दादा चहाला खाली गेला, तशी ती त्याच्या खुर्चीत बसली. शेजारी मालिकेचे दिग्दर्शक होते.

"साहेब, गेल्या वर्षी मला पुरस्कार मिळाला ते गाणं. आधी नुसती मी ऐका, मग ठरवा एकटीनं कोणी गायचं ते."

तेवढ्यात धाकटी दारात आली. पडदा पाहून तिचा चेहरा उतरला.

"ताई, ते राहू दे."

"का गं? तंतरली?"

"ताई, ऐक माझं. शीर्षकगीत तू गा. मी गात नाही. पण ते बंद कर."

थोरलीला आतून उकळ्या फुटल्या. चोर आपल्या पायानं चालत आला होता. आता तर ती मुळीच थांबणार नव्हती.

गाण्याच्या पट्ट्या उघडल्या. तबल्याच्या खाली 'थोरली'. त्याखाली 'धाकटी १' आणि 'धाकटी २'. थोरलीची पट्टी राखाडी, धाकटीच्या दोन्ही हिरव्यागार. रंगसुद्धा बरा तो तिलाच!

"बघा साहेब, माझी एक आणि हिच्या दोन! ठिगळं लावल्याशिवाय भागतच नाही."

गाणं सुरू झालं. थोरलीचा भरदार, किंचित घोगरा आवाज खोलीभर पसरला. वरून धाकटीचा बारीक सूर येऊन मिळाला. दिग्दर्शकांनी डोळे मिटून मान डोलावली.

"वा! हा खालचा आवाज तुमचा ना?"

"माझाच. आता हिचं सोंग उतरवते. राहीन ती मी."

थोरलीनं धाकटीच्या दोन्ही पट्ट्यांची बटणं दाबली. त्याही राखाडी झाल्या. दोघींचे आवाज एकदम थांबले, आणि खोलीत नुसता तबला वाजत राहिला.