उलट उत्तर

म्हातारे परीक्षक काठी टेकत आत आले आणि ती ताडकन उठून उभी राहिली. खोलीतले बाकीचे दोन परीक्षक आणि तिच्या मार्गदर्शक बाई बसूनच होत्या. ती शिकायला आली होती त्या देशात शिक्षक आले म्हणून कुणी उठत नाही. हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पण जित्याची खोड! तीन वर्षं ती अशीच उठत आली होती, आणि प्रयोगशाळेतल्या पोरांनी तिचं नाव ‘स्प्रिंग’ ठेवलं होतं. बाई तर म्हणायच्या, “तू उठलीस की मी एकदम ऐंशी वर्षांची झाल्यासारखं वाटतं.”

आज बाईंनी नुसतं डोळ्यांनी खुणावलं, बस.

टेबलावर तिचा प्रबंध होता. जुन्या इमारतींना केलेला चुन्याचा गिलावा किती दिवसांत पक्का होतो, एवढाच विषय. या विषयात म्हाताऱ्यांनी केलेला तक्ता म्हणजे वेदवाक्य. तक्त्यात नव्वद दिवस होते. तिचे आले होते एकशे तीस.

म्हाताऱ्यांनी चष्मा चढवला, खूण घातलेलं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. “‘हा फरक कदाचित माझ्या हातून मोजण्यात राहिलेल्या चुकीमुळे असावा.’ हे तुम्ही लिहिलंय?”

ती उठली. “हो, सर.”

“बसून बोला. झालीय का चूक?”

चूक कसली! तीन वर्षं रोज सकाळी, दात घासायच्याही आधी, डोक्यावर टोपी ओढून ती वसतिगृहाच्या मागच्या भिंतीपाशी जात होती. दर मोसमाला तिथे नवे चौकोन लिंपत होती, ते किती घट्ट झाले ते मोजत होती. एकेक आकडा तीन-तीनदा तपासलेला. ते वाक्य तिनं घातलं होतं ते निव्वळ भिडेपोटी. एवढ्या मोठ्या माणसाला तुमचं चुकलं म्हणायचं कसं? त्यापेक्षा चूक आपल्या पदरात घेतलेली बरी. बाईंनी ते वाक्य दोनदा खोडलं होतं, हिनं दोनदा परत घातलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

“चूक असेल तर मला हा प्रबंध पास करता येणार नाही,” म्हातारे शांतपणे म्हणाले. “सगळं पुन्हा मोजावं लागेल. आणि चूक नसेल, तर हे वाक्य खोटं आहे. दोन्हींपैकी काय ते सांगा.”

पुन्हा मोजायचं म्हणजे आणखी तीन वर्षं. तिची शिष्यवृत्ती या महिन्याअखेर संपत होती. म्हणजे बॅगा भरायच्या आणि हात हलवत घरी जायचं. तिनं बाईंकडे पाहिलं. बाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या.

सकाळीच आईनं फोनवर बजावलं होतं, “विचारतील तेवढंच सांग. मोठ्या माणसांना उलट उत्तर देऊ नकोस हं, बाळा.”

ती पुन्हा उठली. या वेळी म्हाताऱ्यांनी बस म्हटलं नाही.

“चूक माझी नाही, सर.” तिचा आवाज कापत होता. “तक्ता चुकलाय.”

एका परीक्षकाचं पेन लिहिता लिहिता थांबलं.

“कुठे?”

“तुमचे नमुने प्रयोगशाळेच्या कपाटात वाळले. माझे बाहेर भिंतीवर. त्यांना पाऊस लागला, बर्फ लागला, वारा लागला.” “भिंती कपाटात राहत नाहीत, सर.”

बोलून गेली आणि स्वतःच घाबरली. पण आता तोंड उघडलंच होतं. ती फळ्यापाशी गेली आणि एकेक मोसम मांडत सुटली. म्हातारे अडवत होते, ती उत्तर देत होती. ते खोदून विचारत होते, ती आणखी खोलात जात होती. अर्धा तास कसा गेला ते कुणालाच कळलं नाही. कधी तरी तिच्या लक्षात आलं की आपला आवाज कापायचा थांबलाय आणि आपल्याला चक्क मजा येतेय.

शेवटी म्हाताऱ्यांनी खिशातलं पेन काढलं. बाईंनी दोनदा खोडलेलं ते वाक्य त्यांनी तिसऱ्यांदा खोडलं.

“हे छापू नका,” ते म्हणाले. “बाकी एक अक्षरही बदलू नका. अभिनंदन, डॉक्टर.”

ते ऐकलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. म्हाताऱ्यांनी काठी चाचपली, टेबलाला हात टेकला आणि सावकाश उठून उभे राहिले. मग बाकीचे दोघे उठले. बाई तर कधीच्या उठल्या होत्या आणि रुमाल शोधत होत्या. बसलेली होती ती एकटी स्प्रिंग.

बाहेर येऊन तिनं फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत आईनं उचलला.

“उलट उत्तर दिलं नाहीस ना गं?”

“दिलं.”

“मग? काय केलं त्यांनी?”

“उठून उभे राहिले.”

“अगं बाई! रागावून?”

“नाही गं, आई,” ती म्हणाली, आणि तिला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. “वर्गात बाई आल्या की आपण उठतो ना, तसे.”