जलराणीच्या आधी

भरलेल्या बॅरलात दहीभाताचा घास तरंगत होता. विद्याश्री पेला घेऊन धावली, तोवर शितं सुटी होऊन तळाकडं निघाली होती.

उचगावात नळाला पाणी दिवसाआड. सकाळी तासभर उभं राहून भरलेलं बॅरल आता ओतून द्यायचं आणि परवापर्यंत शेजारच्या सबिनाभाभीकडं कळशी घेऊन जायचं.

"कुणी टाकला हा?"

विचारायची गरज नव्हती. पाच वर्षांचा शिवांश खरकटा हात पाठीमागं धरून उभा होता.

"निवद दाखवला," तो म्हणाला. "आज्जी न्हाय का आधी देवाला दाखवती? तसा जलराणीला."

"जलराणी आपल्या बॅरलात राहते?"

"सगळ्या पाण्यात राहती ती. माझी खरी आई हाय. तू नुसती सांभाळतीस मला."

‘सातपाताळ’मध्ये तसंच होतं. राजपुत्राला कोळ्याची बायको सांभाळते आणि खरी आई तळ्याखाली निळ्या उजेडात केस पसरून वाट बघत असते. सिनेमाचे तिन्ही भाग त्यानं तोंडपाठ केले होते. जलराणी बोलायला लागली की त्याचं तोंड आपोआप उघडायचं. घास त्याच वेळी भरवावा लागायचा. कोळ्याच्या बायकोला सगळ्या भागांत मिळून दोन-चार वाक्यं. ‘जेव’ आणि ‘झोप’ धरून.

विद्याश्रीनं त्याचा दंड धरला, अडगळीच्या खोलीत लोटलं आणि बाहेरून कडी घातली.

"रड आता," ती म्हणाली. "बोलव तुझ्या खऱ्या आईला."

त्यानं खरंच बोलावलं. दारावर थापा मारत, हुंदके देत, जलराणी, जलराणी. त्या हाका ऐकून तिनं कडी काढायला आणखी जरा वेळ लावला.

संध्याकाळी सासूबाई, रत्नव्वा, सुपात लसूण सोलत बसल्या होत्या. शिवांश पुन्हा टीव्हीसमोर. विद्याश्री भात गॅसवर ठेवून फोनमध्ये डोकं घालून होती. त्या सिनेमातली मोठी मंडळी आधी कशाकशात होती, ते ती एकेक करून काढत होती. जटाधारी गुरुदेव एका पोलिसी मालिकेत प्रेत होऊन पडले होते. राक्षसांचा राजा चहाच्या जाहिरातीत सुनेचं कौतुक करायचा. ते असू दे. तिला एकच चेहरा हवा होता.

पाण्याखाली केस सोडून बसायला काय जातं? पोराला ताप आला की मीठ-पाण्याच्या घड्या ठेवत बसते का ही? मग तो चेहरा सापडला आणि विद्याश्रीला एकदम बरं वाटलं.

"आत्ती, ती चंद्रकला आठवते? दुपारच्या मालिकेतली?"

"न आठवाया काय झालं? सवतीच्या पोराला कोंडून घालायची, भवानी. रंकाळ्यावर गावली असती तर चपलीनं हाणलं असतं मी."

"तीच ही."

रत्नव्वांनी चष्मा वर सरकवला. आधी फोन बघितला, मग टीव्ही.

"शिवशिवा. काल ह्यानं हिला हात जोडाय लावलं की मला." त्यांनी लसणाची कुडी सुपात टाकली. "पोराला दावू नगंस, विद्या. भ्या बसंल."

"बसू दे. कळू दे तरी."

तिनं टीव्ही बंद केला आणि त्यानं भोकाड पसरायच्या आत त्याला मांडीवर ओढून फोन पुढं धरला. "ये. तुझी जलराणी आधी काय करायची, बघ."

जुनी मालिका, रंग विटलेले. मुकुट नाही, निळा उजेड नाही. पदर खोचलेली, घामेजलेली एक बाई. समोर तिच्या सवतीचा मुलगा, पायाशी सांडलेलं दूध. बाईनं मुलाचा दंड धरला, फरफटत नेलं, खोलीत लोटलं. कडी घातली.

"रड आता," ती म्हणाली.

विद्याश्रीचा अंगठा फोनवर तसाच राहिला.

"परत लाव," शिवांश म्हणाला.

"नको. बघितलंस ना? पुरे."

"परत लाव की."

तिनं लावलं. या वेळी त्यानं फोनकडं बघितलंच नाही. दंड धरला जाईपर्यंत तो अडगळीच्या खोलीच्या दाराकडं बघत होता. कडी वाजली तेव्हा विद्याश्रीकडं.

"ही आधीची हाय?"

"हो. आधीची." तिचा आवाज तिला वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही. "आधी अशीच होती ती."

"आधी तुझ्यागत होती," तो म्हणाला.

लसूण सोलणारे हात थांबले. रत्नव्वांनी वर बघितलं नाही. फोनमधला मुलगा बंद दाराआडून आई, आई करत होता आणि विद्याश्रीला ते बंद करायचं सुचत नव्हतं. गॅसवर भात लागल्याचा वास यायला लागला.

शिवांशनं मांडीवरून वळून तिची हनुवटी धरली. आजारी माणसाला सांगावं तसं, हळू आवाजात म्हणाला,

"मग झाली की ती राणी. तू बी हुशील."