मरणाचा प्रवेश

नागोरावांची थोरली नात उत्कर्षा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली, त्या २००४ सालच्या जत्रेतही ते राजा होऊन मेले. खडकवासल्याजवळच्या त्यांच्या गावात हौशी मंडळी दरवर्षी म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी तेच नाटक करत, आणि वीस वर्षं लुगडं नेसलेला रतन सुतार राणी होऊन राजाच्या उरावर टाहो फोडत असे. तेवढ्यात पहिल्या रांगेतून नागोरावांच्या बायकोचा, सुशीलाबाईंचा आवाज हटकून यायचा.

"रतनभावजी, हे रडणं हाय का शिंकणं? ह्यांना खरंखुरं जाऊ द्या, मग दावते कसं रडायचं ते!"

मेलेला राजा पडल्यापडल्या गदगदून हसायचा. म्हातारी मंडळी वन्समोअर मागायची, आणि नागोराव उठून पुन्हा मरायचे.

बायकोच्या या शब्दावर मात्र त्यांची भारी भिस्त. पारावर भेटेल त्याला ते बजावत, "माझ्या मयताला चुकवू नका बरं का. आमची कारभारीण वन्समोअर घेणार!"



कसं रडायचं ते न दाखवताच, त्याच साली वसुबारसेच्या सकाळी सुशीलाबाई वारल्या.