कानटोपी

चर्चच्या पेजवर दर आठवड्याचे फोटो व्हर्नाच टाकायची. बर्फातल्या सहलीचा फोटो चढवताना तिने नव्या पोरीच्या चेहऱ्यावर आठवणीने पिवळं फूल चिकटवलं. “आमचा फोटो नको हं, काकू. हिचा बाप आम्हाला शोधतोय,” असं तिच्या आईने बजावलं होतं. पण फोटो इतका गोड होता! रविवारी चर्चच्या दारात अनोळखी माणूस बर्फ झाडत आला. व्हर्नाने हसून त्याला कॉफी दिली. त्याने फोन पुढे केला. “चेहरा झाकलात, बरं केलंत. पण ही कानटोपी माझ्या आईने विणलीय, काकू. लोकर संपली म्हणून एक कान लाल, दुसरा हिरवा.” “अशी कुणी मुलगी इथे येत नाही,” व्हर्ना देवाच्या दारात खोटं बोलली. तो तिच्या मागच्या खुंटीकडे बघत राहिला. तिथल्या कानटोपीवरचा बर्फ अजून वितळायचा होता.