जमिनीला नाक लाव

धोक्याची घंटा वाजायला लागली तेव्हा स्तामेनने हातातली माशांची पेटी ठेवली आणि शिकारी कुत्र्यासारखी हवा हुंगली.

"वास नाही, म्हणजे काही नाही. नव्या नवरीचे नखरे आहेत गं, नेडा. आपलं काम कर."

नवी नवरी म्हणजे शीतगृहाची नवी यंत्रणा. पोमोरिए बंदराच्या धक्क्यावरच्या या शीतगृहात स्तामेनचा जन्म गारवा करणाऱ्या, नाक झोंबवणाऱ्या अमोनिया वायूच्या संगतीत गेला होता. यंदा उन्हाळ्यात तो काढून कार्बन डायऑक्साइड भरला. हाही निसर्गातलाच, पण वास नसलेला, डोळे न जाळणारा. सोड्याच्या बाटलीत असतो तोच, असं बसवायला आलेल्यांनी सांगितलं. पुढेही ते बरंच काही सांगत होते, पण स्तामेनने मध्येच विचारलं, "म्हणजे हा गळला तर आम्ही ढेकर देऊन मरायचं का?" सगळे खो खो हसले. नेडाही हसली. पुढचं कोणी ऐकलंच नाही.

घंटा थांबेना. शीतगृहाच्या जमिनीखालच्या खोलीत बापलेक दोघंच होती. पेट्या रचता रचता नेडाला धाप लागली. डोकं ठणकू लागलं. तिने फळीचा आधार घेतला.

तिचा चेहरा पाहून स्तामेनची थट्टा पळाली. "खाली! जमिनीला नाक लाव!" तो ओरडला आणि स्वतः पालथा पडला.

हे शब्द नेडाने पाळण्यापासून ऐकले होते. अमोनिया वर चढतो, श्वासापुरती हवा खाली उरते. याच शहाणपणावर बापाने एकदा गळतीतून चार बायकांना सरपटत बाहेर काढलं होतं. गाव अजून त्याचं नाव काढतं. लहानपणी तो तिला स्वयंपाकघराच्या फरशीवर लोळवून सराव करून घ्यायचा आणि आई दोघांच्या नावाने खडे फोडायची. नेडा मुकाट्याने गुडघ्यांवर बसली.

तोच नाकात काहीतरी आंबट टोचलं. हा वास नव्हता, नुसती टोचणी होती, आणि ती तिच्या ओळखीची होती. आजोळचं तळघर! पिंपांत द्राक्षरस फसफसू लागला की आजोबा पेटती मेणबत्ती गुडघ्याशी धरून पायऱ्या उतरायचे. ती विझली की तिथूनच मागे फिरायचे. एकदा मांजर त्यांच्या आधी उतरलं. ते वर आलं नाही.

 नेडा धडपडत उभी राहिली.

"बाबा, उठा! हा खाली बसतो! वाइनच्या तळघरातला आहे हा!"

"डोकं फिरलं का तुझं? कुठे तुझ्या आजोबांची पिंपं आणि कुठे माझं शीतगृह! झोप खाली!"

त्याने तिचं मनगट पकडलं आणि होती नव्हती ती ताकद लावून खाली ओढलं. तिने त्याच्या काखेत हात घालून पाहिला, पण तो जागचा हलेना. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दोघंही इथे पडलो तर हाक मारायलाही कोणी उरणार नाही, एवढं तिला कळत होतं. तिने बापाच्या हाताला कडकडून चावा घेतला. पकड सुटली.

ती भिंत धरधरून पायऱ्या चढली. दारातून तिने धक्क्यावरच्या माणसांना गळा फाटेस्तोवर हाका मारल्या आणि मागे वळून पाहिलं.

स्तामेन गाल जमिनीला लावून पडला होता. तिच्याकडे बघत शेजारची जागा थोपटत होता. ओठ हलत होते, खाली ये, पोरी, खाली. मग थोपटणं मंदावलं.

आपली पोर वर उभी आहे, ती आता मरणार, आणि आपल्याला तिला वाचवता आलं नाही, या दुःखात त्याने डोळे मिटले.